मोठ्या टायपातील, पदच्छेद केलेली गुरुचरित्राची पोथी: सात दिवसांच्या वाचनानंतर

बेळगावच्या गणपत गल्लीतील एका पूजासाहित्याच्या दुकानातून गेल्या कार्तिकात मी गुरुचरित्राची मोठ्या टायपातील, पदच्छेद केलेली, म्हणजे जोडून आलेले शब्द सुटे करून छापलेली, प्रत घेतली आणि २८ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर २०२५ या सात दिवसांत ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचली. हे परीक्षण ग्रंथाचे नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. ज्या ग्रंथापुढे आमच्या घरच्या चार पिढ्या हात जोडून बसल्या, त्याविषयी मत देण्याची माझी योग्यता नाही. परंतु कागद, छपाई, बांधणी आणि संपादन यांसाठी साडेसहाशे रुपये मोजले आहेत आणि त्यांविषयी बोलायला हरकत नसावी. प्रकाशकांना दोषांची यादी पत्राने कळवली आहे, त्यामुळे त्यांचे उत्तर येईपर्यंत त्यांचे नाव लिहीत नाही. अशा धाटणीच्या प्रती आता निरनिराळ्या प्रकाशकांच्या मिळू लागल्या असल्याने, खाली लिहिलेले बहुतेक सगळे त्यांपैकी कोणतीही प्रत हातात घेताना ताडून पाहता येईल.

जुनी पोथी असताना नवी का घेतली, हा प्रश्न घरात सर्वांत आधी आईनेच विचारला. आमची जुनी पोथी आडव्या आकाराची, सुट्या पानांची, तांबड्या बासनात बांधलेली आहे आणि वडिलांनी तिच्यावर चाळीसहून अधिक सप्ताह, म्हणजे सात दिवसांची पारायणे, केले. तिची छपाई अजून काळीभोर आहे. पण कागद असा ठिसूळ झाला आहे की, पान उलटताना कोपऱ्याचा तुकडा हातात येतो, आणि ओव्या सलग छापलेल्या असल्यामुळे एकदा नजर ढळली की जागा सापडत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या सप्ताहात एकच ओवी मी दोनदा वाचतो आहे, हे आईने बसल्या जागेवरून ओळखले आणि नवी प्रत घेण्याचे तेव्हाच ठरले.

मार्गशीर्षातील आमच्या पहाटा थंड असतात. धुके अंगणापर्यंत आलेले असते, मुकटा नेसून वर शाल घेतली तरी बोटे आखडतात, आणि साडेपाचला वाचनास बसले तर पहिले दोन अध्याय समईच्या आणि एका साध्या दिव्याच्या उजेडात काढावे लागतात. पोथी चांगली की वाईट, हे त्या उजेडात कळते. दुकानाच्या काउंटरवर ट्यूबलाइटखाली सगळ्याच पोथ्या सुबक दिसतात.

या प्रतीचा टाइप त्या परीक्षेत उत्तम उतरला. अक्षर मोठे आहे, पण फुगवलेले नाही. मात्रा आणि अनुस्वार वरच्या ओळीतील उकारांना जाऊन भिडत नाहीत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत, याचे मला विशेष समाधान वाटले. कारण संगणकावर जुळवलेल्या अलीकडच्या अनेक पोथ्यांत ही दोन अक्षरे डोळ्यांना सतत खटकत राहतात. प्रत्येक ओवी दोन ओळींत आणि ओवीचा अंक उजव्या कडेला, अशी मांडणी आहे. सात हजारांवर ओव्यांच्या ग्रंथात या एका सोयीचे मोल किती, ते वाचकालाच ठाऊक. मध्येच कोणी दार वाजवले, आईने पाणी मागितले किंवा खोकल्याची उबळ आली, तरी अंक लक्षात ठेवून पुन्हा त्याच ओवीवर येता येते.

कागद मात्र दोन मनांनी निवडलेला दिसतो. तो चकचकीत नाही, त्यामुळे ज्योतीची तिरीप पानावर पडत नाही, हे चांगले. परंतु तो इतका पातळ आहे की पाठीमागची छपाई पुसट दिसते आणि गारठ्यात दोन पाने एकमेकांना चिकटून बसतात. पोथीचे पान थुंकी लावून उलटायचे नसते, हा नियम आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहे. वडील मोरपिसाच्या टोकाने पान सरकवीत आणि त्या जाड, खरखरीत कागदाला ते सहज जमत असे. या प्रतीत मोरपीस दोन पानांच्या मधे शिरतच नाही. तिसऱ्या दिवशी मी एका दमात दोन पाने उलटली. कथेचा धागा तुटला म्हणून चूक लक्षात आली. पुढच्या पानाची सुरुवात योगायोगाने जुळली असती, तर मी तसाच पुढे गेलो असतो.

आता पदच्छेदाविषयी. जुन्या पोथ्यांत शब्द संधीसह सलग छापलेले असतात आणि ते कोठे तोडायचे हे कानाने शिकावे लागते. लहानपणी आजोबांच्या मांडीशी बसून ज्याने सप्ताह ऐकले, त्याला ते जमते. आमच्या सीमाभागात मात्र पुढच्या पिढीची गोष्ट वेगळी आहे. माझा धाकटा पुतण्या कानडी माध्यमात शिकला. घरात तो मराठीच बोलतो, शेजारी आणि वर्गात कानडी, आणि देवनागरी लिपी त्याला आली ती शाळेतल्या हिंदीमुळे. गेल्या वर्षी त्याने हौसेने जुनी पोथी हातात घेतली आणि पाच ओव्यांनंतर खाली ठेवली. या वर्षी संध्याकाळच्या आरतीपूर्वी चौदावा अध्याय रोज त्यानेच वाचला. पहिल्या दिवशी तो अडखळला, तिसऱ्या दिवशी सावरला, आणि सहाव्या दिवशी आईने जपाची माळ थांबवून त्याचे वाचन ऐकले. ज्या घरात मराठी बोलली जाते पण शाळेत शिकली जात नाही, तिथे ही प्रत उपयोगाची आहे हे त्यावरून मला पटले, आणि पुढे जे दोष सांगणार आहे ते लक्षात घेऊनही माझे हे मत बदललेले नाही.

याची एक किंमतही आहे. तोडलेले शब्द वाचताना जीभ प्रत्येक शब्दावर थांबू पाहते आणि ओवीची लय मोडते. सरावलेल्या वाचकाला पहिले दोन दिवस आपण बाराखडी वाचत आहोत, असे वाटत राहते. मला स्वतःला शब्दांमधल्या मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करायला शिकावे लागले. एकाच घरात अनुभवी वाचक आणि नवा वाचक असे दोघेही असतील, तर कोणाची सोय पाहायची हे ठरवूनच प्रत घ्यावी.

संपादनातील पहिली अडचण दुसऱ्याच दिवशी आली. सप्ताहाचे अध्याय कसे विभागायचे, याच्या दोन परंपरा सर्रास चालतात. एकीत रोजचा पाठ अनुक्रमे ९, २१, २९, ३५, ३८, ४३ या अध्यायांवर थांबतो आणि शेवटच्या दिवशी उरलेले अध्याय होतात. दुसरीत तो ७, १८, २८, ३४, ३७, ४३ येथे थांबून शेवटच्या दिवशी ५१ पर्यंत जातो. काही प्रतींत अध्याय ५१ आहेत, काहींत ५२ आणि अवतरणिका, म्हणजे ग्रंथाचा सारांश सांगणारा अध्याय, धरून ५३, त्यामुळे शेवटचा आकडाही घरागणिक बदलतो. आमच्या घरी दुसरी परंपरा आहे. या प्रतीच्या संपादकांनी पहिली स्वीकारली, याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की, ‘पहिल्या दिवसाचा पाठ समाप्त’ ही ओळ त्यांनी प्रस्तावनेत किंवा समासात न देता नवव्या अध्यायाखाली, मूळ ओव्यांपेक्षाही ठळक टायपात छापली आहे. दुसऱ्या दिवशी आठव्यापासून सुरुवात करून मी नवव्याच्या शेवटी आलो आणि त्या ओळीशी क्षणभर थबकलो. तसेच पुढे प्रत्येक दिवशी होत राहिले. सहाव्या दिवशी दोन्ही परंपरा त्रेचाळिसाव्या अध्यायावर एकत्र येतात, त्यामुळे छापील सूचना आणि आमचा पाठ त्या एकाच दिवशी जुळले. एका पानावर दोन्ही कोष्टके शेजारी शेजारी दिली असती, तर कोणाचेच बिघडले नसते. वडिलांनी जुन्या पोथीत पेन्सिलीने लहानसा स्वस्तिक काढून थांबे दाखवले होते. तेच आता मी नव्या प्रतीत उतरवले आहेत.

पाचवा दिवस हा बांधणीच्या कसोटीचा. छत्तिसावा अध्याय आचारधर्माचा आणि दीर्घ आहे. स्नानापासून भोजनापर्यंतचे नियम त्यात विस्ताराने येतात, म्हणूनच दोन्ही विभागण्यांत त्या दिवशी अध्याय फक्त तीन असतात. त्या लांबच लांब बैठकीत पोथी व्यासपीठावर सपाट उघडी राहिली पाहिजे. एका हाताने ती दाबून धरावी लागली, तर दुसऱ्या तासाला खांदा बोलू लागतो. या प्रतीची पाने मागून नुसती डिंकासारख्या चिकट पदार्थाने जोडलेली आहेत, जुजबंदी, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवून केलेली, शिलाई नाही. परिणामी पोथी मध्यभागी उघडी राहते. सुरुवातीच्या व शेवटच्या अध्यायांत मात्र आपोआप मिटते. आणि त्या पाचव्या दिवशी छत्तिसाव्या अध्यायाच्या मध्यावर पाठकण्यातून काडकन आवाज आला. पान सुटले नाही, पण फट पडली. ती फट दरवर्षी थोडी थोडी वाढत जाईल, असे मला दिसते आहे.

बांधणीचा विषय निघाला म्हणून एक आठवण. आमच्या आत्या प्रत पाहायला आल्या, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “यात सरस लावलेला नाही ना?” पूर्वी पुस्तकबांधणीत जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरीत, त्यामुळे सोवळ्यात पोथी हातात घेणाऱ्यांना हा प्रश्न पडणे साहजिक होते. आत्यांचे समाधान होईपर्यंत मी फोनवरून दुकानदारांना विचारले. त्यांनी कृत्रिम डिंकच असल्याचे सांगितले. वेष्टन रेक्झिनचे आहे, तेही चामडे नव्हे, हे मलाच आत्यांना दोनदा सांगावे लागले. साधे सुती कापडाचे वेष्टन दिले असते, तर हा प्रश्नच उरला नसता.

या प्रतीचा सर्वांत मोठा दोष मात्र कागदात वा बांधणीत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या तो कदाचित लक्षातही येणार नाही. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे गाणगापूरच्या परिसराशी नाते सांगणाऱ्या, गुरूंचे शिष्य असलेल्या सायंदेवांच्या वंशातले. आपल्याला महाराष्ट्र भाषा नीट येत नाही, असे ते स्वतःच ग्रंथात नम्रपणे नोंदवतात. ज्या गुरूंचे हे चरित्र, त्या नृसिंह सरस्वतींचा जन्म विदर्भातील कारंजाचा, परंतु त्यांच्या चरित्रातील नृसिंहवाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात, आणि गाणगापूर भीमा-अमरजेच्या संगमावर, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. आजच्या नकाशावरची राज्यांची रेघ या ग्रंथाच्या मधून जाते, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच सायंदेवांच्या कथेच्या भागात मराठी ओव्यांच्या मधोमध गुरूंची स्तुती करणारी कानडी पदे येतात, तेव्हा बेळगावच्या वाचकाला त्यात नवल वाटत नाही.

संपादकांनी सगळ्या ओव्यांचे शब्द नेमके तोडले. या पदांपाशी मात्र त्यांचा हात चुकला. ‘कंडेनिंदु’ हा शब्द त्यांनी तसाच, गाठोड्यासारखा ठेवला. आणि जिथे तोडायला नको होते, तिथे ‘भूमंडलदोळगे’ या शब्दाचे ‘भूमंडल दो ळगे’ असे तीन तुकडे करून शेवटचा पुढच्या ओळीत ढकलला. मी नेहमीच्या सवयीने वाचून पुढे गेलो. दाराशी उभा असलेला पुतण्या मात्र वाचन संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, “काका, हे इथं तुटत नाही. ‘ओळगे’ म्हणजे आत. भूमंडलद ओळगे, भूमंडलाच्या आत. आणि वरचं ‘कंडेनु इंदु’ असं आहे, आज पाहिलं.” इतकी वर्षे ती पदे मी अर्थ न कळता म्हणत आलो होतो. कानडी मला बाजारापुरती येते.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, ती छपाईच्या हातात नाही. ‘दोळगे’तील ओकार कानडीत ऱ्हस्व आहे, देवनागरीत ऱ्हस्व ओ लिहिण्याची रूढ सोय नाही, म्हणून छापताना तो दीर्घच छापला जातो आणि मराठी वाचक तो दीर्घच म्हणतो. आई तेवढ्यात म्हणाली, “ह्यांचा तो आखूडच असायचा.” वडिलांची नोकरीची पंधरा वर्षे गोकाककडे गेली होती आणि त्यांचा उच्चार तिच्या कानात अजून बसलेला आहे. प्रकाशकांना पाठवलेल्या पत्रात मी एवढेच सुचवले आहे की, पुढील आवृत्तीत ही पदे एखाद्या कानडी जाणकाराला दाखवून घ्यावीत आणि तळटीपेत त्यांचा अर्थ द्यावा. ग्रंथभरात ज्या टीपा दिल्या आहेत, त्यांत अर्घ्य, आचमन, अशा माहीत असलेल्या शब्दांचे अर्थ आहेत. या पदांपाशी एकही टीप नाही. प्रत्येक अध्यायाच्या आरंभी एक क्यूआर कोडही छापला आहे, ज्यातून तो अध्याय ऐकता येतो. उच्चार पडताळावा म्हणून दुपारी, अर्थातच देवघराबाहेर, आम्ही तो लावून पाहिला. ध्वनिमुद्रणातील वाचकांचा आवाज गोड आहे, मराठी ओव्या शुद्ध आहेत, आणि कानडी पदे त्यांनी चहा सांडू नये म्हणून जपून चालावे तशी म्हटली आहेत.

परिशिष्टात दत्तक्षेत्रांची माहिती आहे, तीत प्रवासाचे सगळे मार्ग पुण्याहून सुरू होतात. त्याने काही अडत नाही. पण दत्तसंप्रदायातील सत्पुरुषांच्या यादीत आमच्या शहराजवळच्या बाळेकुंद्रीच्या पंतमहाराजांचा (१८५५–१९०५) उल्लेखही असू नये, हे खटकले. मराठीबरोबर कानडीतही पदे रचणाऱ्या या अवधूत संप्रदायी सत्पुरुषाच्या उत्सवाला दोन्ही भाषांची माणसे लोटतात, आणि बेळगावात ही पोथी घेणाऱ्या दहांतले निदान काही तरी त्या यादीत ते नाव शोधणारच.

पोथीबरोबर त्याच दुकानातून घडीचे लाकडी व्यासपीठही घेतले. ते दिसायला नक्षीदार आहे, पण एवढ्या वजनाच्या पोथीसाठी नाही. दुसऱ्याच दिवशी ते पसरू लागले, म्हणून खाली पाट लावून काम भागवले. दुकानदारांनी ते कुरकुर न करता परत घेतले, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्याकडे मराठी आणि कानडी पोथ्या एकाच फळीवर असतात, प्रत उघडून पाहू देतात, आणि कोणत्या घरी कोणता पाठ चालतो हे त्यांना बऱ्यापैकी ठाऊक असते. घाईच्या दिवसांत, म्हणजे मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, तिथे पाय ठेवायला जागा नसते. महालक्ष्मीच्या कथेच्या पुस्तिका तेव्हा भाजीच्या जुड्यांसारख्या खपत असतात. पोथी घ्यायची असेल, तर त्याच्या आठवडाभर आधी जावे.

या वर्षी दत्तजयंती मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारीच आली. सकाळी सातव्या दिवसाचा पाठ, एका कोपऱ्यात सुनेने मांडलेला महालक्ष्मीचा घट, आणि सायंकाळी दत्तजन्म. नैवेद्याला घेवड्याच्या शेंगांची भाजी आमच्याकडे चुकत नाही, कारण घेवड्याचा वेल उपटणाऱ्या गुरूंची कथा अठराव्या अध्यायात येते आणि ती मुलांना सर्वांत आधी पाठ होते. पूर्वी घरात बायकांनी सप्ताह ऐकायचा, वाचायचा नाही, असा दंडक होता. अनेक घरांत तो आजही आहे. आमच्या सुनेने पुढच्या वर्षी तीन दिवसांचे पारायण करण्याची इच्छा बोलून दाखवली आणि आईने नाही म्हटले नाही. त्या पारायणात पहिल्या दिवशी चोविसाव्या, दुसऱ्या दिवशी सदतिसाव्या अध्यायापर्यंत, म्हणजे ग्रंथाच्या तीन भागांपैकी ज्ञानकांड आणि कर्मकांड हे पहिले दोन संपवून थांबायचे असते. या प्रतीच्या अनुक्रमणिकेत ही कांडे स्पष्ट दाखवली आहेत, ही गोष्ट तिच्या उपयोगाची ठरेल.

तर ही प्रत घ्यावी का? घरात नवा वाचक असेल, दृष्टी मंदावलेली असेल, तर जरूर घ्यावी; टाइप आणि ओव्यांची मांडणी यांत एवढ्या किमतीत तिच्यापेक्षा चांगली प्रत निदान मला आमच्या बाजारात दिसलेली नाही. मात्र घेताना पाठकणा अंगठ्याने दाबून छत्तिसावा अध्याय उघडून पाहावा. डिंकाचा पांढरा थर दिसला आणि दोरा दिसला नाही, तर शिलाईची प्रत आहे का, असे विचारावे. मी विचारले तेव्हा दुकानदारांनी सांगितले की, शिलाईची प्रत शंभर रुपयांनी महाग पडते, म्हणून गिऱ्हाईक घेत नाही आणि म्हणून ते मागवीत नाहीत. माझ्या नावावर त्यांनी एक मागवली आहे. ती आली की डिंकाची प्रत पुतण्याकडे जाईल. तिच्यात कानडी पदांच्या पानावर त्याने ती पदे कानडी लिपीत लिहून एक चिठ्ठी ठेवली आहे, ती तेवढी मला दुसऱ्या प्रतीसाठी त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्यावी लागेल.